कावळा, फांदी आणि बंद पडलेला संगणक



मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध बेताचाच. घरचा मिक्सर बिघडला तर तो पिशवीत घालून दुरुस्तीला नेऊन द्यायचा, एवढीच माझी यांत्रिक करामत. तेव्हा वीज जाऊन आल्यावर संगणक सुरूच होईनासा झाला तर दोष कसा शोधावा, या विषयावर बोलायला हा गृहस्थ कशाला आला, असे आपल्याला वाटले तर त्यात नवल नाही. पण दोन वर्षांपूर्वी असा एक प्रसंग घडला की मला माझाच विषय पुन्हा एकदा शिकावा लागला, आणि तोही एका वीतभर लोखंडी डब्यापाशी बसून. तो प्रसंग सांगता सांगता, आपल्या शाळेत किंवा घरी अशी वेळ आली तर काय करावे आणि काय करू नये, हेही सांगणार आहे.

मृग निघायचा होता. सुट्टीत मी गावी गेलो होतो. एका संध्याकाळी वळवाचा मोठा पाऊस झाला, वारा सुटला, विजेचे दोन खांब आडवे झाले. तीन दिवस गावात वीज नव्हती. शाळेच्या कचेरीत इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी पहिल्याच रात्री संपली. चौथ्या दिवशी सकाळी वीज आली. शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे गाव मामा म्हणते, त्यांनी कचेरी उघडली, मेन स्विच वर केला आणि नेहमीप्रमाणे संगणकाचे बटण दाबले. संगणक ढिम्म. ना दिवा, ना पंख्याचा आवाज.

दिवस प्रवेशाचे. मुलांचे दाखले, वर्षानुवर्षांच्या नोंदी, सगळे त्या संगणकात. मुख्याध्यापक काळजीत पडले, आणि काळजीत पडलेला माणूस आधी कारण शोधत नाही, आधी माणूस शोधतो. "मामा, तुम्ही काय केलंत? वीज आल्याबरोबर कशाला लावला?" शेवटी ठरले असे की, दुरुस्तीचा खर्च मामांच्या पगारातून थोडाथोडा कापून घ्यायचा. मामा रोजंदारीवरचे. ते संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "सर, मी फक्त बटण दाबलं हो."

श्रोतेहो, आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसला आणि फांदी तुटली. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडते, आणि पाहणारा म्हणतो की, फळ कावळ्याने पाडले. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे मानणे, हा तर्कदोष मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आत्मविश्वासाने मुख्याध्यापकांकडे गेलो आणि त्यांना समजावले, "बटण दाबल्याने संगणक जळत नाही. तुम्ही कावळ्याला दोष देताय. वीज परत येताना दाब एकदम वाढला, त्याने संगणक जळाला. यात मामांचा काय अपराध?" मुख्याध्यापकांना ते पटले. मलाही समाधान वाटले.

दुपारी माझा एक माजी विद्यार्थी तालुक्याहून मोटारसायकलवर आला. त्याचे तिथे संगणकदुरुस्तीचे छोटे दुकान आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि हसून विचारले, "सर, दाब वाढला होता हे कशावरून?"

मी गप्प. मी तरी काय केले होते? मामांच्या जागी विजेला बसवले होते. कावळा बदलला, इतकेच.

त्याने खिशातून एक कागद काढला आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिले, 'पाहिलेले'. दुसऱ्या बाजूला, 'समजलेले'. म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंत. भिंतीपासून सुरू करू या, आणि एकेक गोष्ट पाहू." पुढे जे सांगतो ते त्याच्या क्रमाने सांगतो, कारण या कामात क्रमालाच महत्त्व आहे.

पहिला प्रश्न त्याने यंत्राला विचारला नाही, माणसांना विचारला. वीज आली तेव्हा दिवे नेहमीपेक्षा भगभगीत लागले का? पंखे जोरात फिरले का? शेजारीपाजारी कोणाचा टीव्ही, फ्रीज गेला का? या प्रश्नामागे कारण आहे. आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची. पण डीपीवरून निघणाऱ्या तीन फेजपैकी कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्टचा दाब असतो. वादळात न्यूट्रलची तार तुटली, तर काही घरांत दाब 400 च्या जवळ चढू शकतो आणि काहींत दिवे मिणमिणतात. तसे झाले असेल तर एका घरचे नुकसान होऊन थांबत नाही. तशी शंका आली तर मेन स्विच बंद करावा, दुसरे कोणतेही उपकरण लावू नये, आणि वायरमनला किंवा 1912 या वीजतक्रारीच्या क्रमांकावर कळवावे. आमच्या गावात कोणाचा साधा बल्बही गेलेला नव्हता. 'पाहिलेले' या बाजूला पहिली ओळ पडली.

मग भिंतीवरचे सॉकेट. मी टेस्टर पुढे केला. तो म्हणाला, "टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, सर. न्यूट्रल तुटलेली असली तरी तो पेटतोच." मी खिशातला मोबाइलचा चार्जर काढला. तो म्हणाला, "हाही खरा साक्षीदार नाही. बहुतेक चार्जर 100 व्होल्टपासून 240 पर्यंत कशावरही चालतात. वीज निम्मी असली तरी हा तक्रार करायचा नाही." एलईडीच्या पुष्कळ दिव्यांचेही तसेच. खरा साक्षीदार म्हणजे तारेचा जुना पिवळा बल्ब. दाब कमी असेल तर तो मंद जळतो, जास्त असेल तर पांढराफेक दिसतो. मामांनी अडगळीतून तसा एक बल्ब आणि होल्डर काढून दिला. बल्ब नेहमीसारखा लागला. मग मल्टिमीटर लावला, 230 च्या आसपास आकडा आला. भिंत निर्दोष.

त्यानंतर मधल्या वस्तू. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून संगणक सरळ सॉकेटला लावला. संगणकाची जाड काळी दोरी पाहिली. मॉनिटरची आणि संगणकाची दोरी बहुधा सारखीच असते. मॉनिटर लागत असेल, तर त्याची दोरी काढून संगणकाला लावून पाहावी. खर्च शून्य, आणि एक संशयित यादीतून कमी. मग संगणकाच्या पाठीमागे सप्लायवर छोटा स्विच असतो, त्याच्या एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल. साफसफाई करताना तो गोलाच्या बाजूला पडला तर संगणक मेल्यासारखाच वाटतो. काही जुन्या सप्लायना आणखी एक लाल खटका असतो, 115 आणि 230 असे लिहिलेला. त्याला हात लावायचा नाही. आपल्या विजेवर तो 115 वर सरकला, तर मोठा आवाज होऊन सप्लाय खरोखरच जळेल.

हे सगळे ठीक होते. मग त्याने प्लग काढला, संगणकाचे पुढचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरले आणि पाचएक मिनिटे थांबला. सप्लायमध्ये स्वसंरक्षणाची सोय असते. काही विपरीत घडले की तो स्वतःला बंद करून घेतो, आणि पुष्कळदा प्लग काढून आतली साठलेली वीज उतरल्याशिवाय पुन्हा उठत नाही. असे रुसलेले कितीतरी संगणक एवढ्याच उपायाने सुरू होतात. आमचा झाला नाही.

इथे थोडे थांबून हा सप्लाय म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही.

धरणाचे पाणी आपण थेट रोपांच्या वाफ्यात सोडत नाही. कालवा, मग चारी, मग दांड, आणि मग वाफा. संगणकाच्या आतल्या भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्ट एवढीच वीज लागते, तीही एकाच दिशेने वाहणारी. भिंतीतली वीज 230 व्होल्टची, सेकंदाला 50 आवर्तने करणारी. मधला पाटकरी म्हणजे हा लोखंडी डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात. तो आलेल्या विजेची आधी सुमारे 325 व्होल्टची एकदिश वीज करतो आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून ती छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून सोडतो आणि पलीकडे लहान लहान प्रवाह काढून देतो.

आता महत्त्वाची गोष्ट. फार जुन्या संगणकांचे बटण दिव्याच्या बटणासारखे होते, ते थेट वीज जोडायचे आणि तोडायचे. 1995 मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची रचना ठरवली, आणि तेव्हापासून हे बदलले. आता पुढचे बटण वीज जोडत नाही, ते विनंती करते. प्लग लावला आणि मागचा स्विच चालू असला की सप्लायचा एक लहानसा भाग सतत जागा राहतो आणि जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट देत राहतो. संगणक बंद दिसत असतानाही तो भाग चालूच असतो. आपण बटण दाबले की मदरबोर्ड सप्लायला खूण करतो, मोठा भाग जागा होतो, आणि सगळे दाब स्थिर झाले की करड्या तारेवरून 'सर्व ठीक' असा निरोप जातो. त्यानंतर संगणक सुरू होतो.

हा लहान भाग म्हणजे देवघरातला नंदादीप समजा. तो अखंड तेवत असतो, त्याच्यावर बाकीचे दिवे लावायचे.

विद्यार्थ्याने आता संगणकाची कड उघडली. त्याआधी प्लग काढला होता, हे मुद्दाम सांगतो. सप्लायच्या जाळीतून आत पाहिले. जळका वास नाही, काजळी नाही. मग त्याने सप्लायचा चोवीस टोकांचा मोठा जोड मदरबोर्डवरून काढला. इतर जोडही काढले, फक्त एक जुना सीडी ड्राइव्ह सप्लायला लावून ठेवला, कारण काही सप्लाय अगदीच ओझे नसेल तर चालत नाहीत. प्लग काढलेला असतानाच त्याने वाकवलेल्या तारेचा तुकडा हिरव्या तारेच्या आणि शेजारच्या काळ्या तारेच्या खाचेत बसवला. हीच ती खूण, जी एरवी मदरबोर्ड करतो. मग हात दूर नेऊन प्लग लावला. सप्लाय चांगला असेल तर त्याचा पंखा फिरू लागतो. आमचा फिरला नाही. म्हणजे बटण, मदरबोर्ड, हार्ड डिस्क सगळे बाजूला काढले तरी सप्लाय उठत नव्हता. आता संशय एकट्या सप्लायवर आला.

या प्रयोगाबद्दल दोन सूचना. सगळ्या तारा काळ्याच असतील, किंवा जोड चोवीस अथवा वीस टोकांचा नसून कंपनीने स्वतःचा वेगळा केलेला असेल, तर हा प्रयोग करू नये. आणि पंखा फिरला म्हणजे सप्लाय निरोगी, असेही समजू नये. पंखा 12 व्होल्टवर चालतो. 5 किंवा 3.3 व्होल्टची वाट बंद असली तरी तो काही वेळ फिरू शकतो. पंखा नुसता एकदा हलून थांबला, तर तिसरीच शक्यता असते. सप्लाय उठतो आहे, पण कुठेतरी शॉर्ट आहे म्हणून संरक्षणासाठी लगेच बंद होतो. अशा वेळी एकेक भाग सोडवून, प्रत्येक वेळी प्लग काढून, कोण अडवतो आहे ते पाहायचे.

खरा निवाडा मीटर करतो. मीटरची काळी टोकणी काळ्या तारेला लावायची. पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट हवेत, म्हणजे 11.4 ते 12.6 च्या दरम्यान. लालवर 5, म्हणजे 4.75 ते 5.25. नारिंगीवर 3.3, म्हणजे 3.14 ते 3.47. आणि जांभळ्या तारेवर प्लग लावल्याबरोबर, काहीही न करता, 5. आमच्या सप्लायच्या जांभळ्या तारेवर आकडा दोनच्या आसपास येई, थरथरे आणि पुन्हा खाली जाई. शून्यही नाही आणि पाचही नाही. नंदादीप फुरफुरत होता, पेटत नव्हता.

तो आकडा पाहून विद्यार्थी मामांकडे वळला. मामा इतका वेळ बॅटरी धरून उभे होते. त्याने विचारले, "मामा, याआधी कधी हा लागायला कुरकुर करायचा का?"

मामा म्हणाले, "करायचा की. एरवी ह्याचा प्लग कधी निघतच नाही. पण थंडीत एकदा मेन स्विच पाडून आम्ही कचेरी धुतली होती, त्या दिवशी बटण दाबलं तर लागेचना. पाच-सहा मिनिटांनी लागला. मी सांगणार होतो, पण मग चालायला लागला, म्हणून राहिलं."

मुख्याध्यापक आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. तीन दिवस त्या माणसाला आम्ही 'काय केलंस' हे विचारत होतो. 'काय पाहिलंस' हे कोणी विचारले नव्हते. सगळ्यांत मोलाचा साक्षीदार आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला होता.

त्याच संध्याकाळी तालुक्याहून नवा सप्लाय आणून बसवला. बसवताना जुन्याची वॅटची क्षमता आणि जोड नव्याशी जुळतात ना, ते पाहून घेतले. बटण दाबले, संगणक सुरू झाला. सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या. हे लक्षात ठेवा, सप्लाय गेला म्हणजे माहिती गेली असे नव्हे. माहिती हार्ड डिस्कमध्ये असते आणि पुष्कळदा ती सुखरूप असते. घाबरून संगणक भंगारात देऊ नका.

जुना सप्लाय विद्यार्थ्याने दुकानात नेला आणि चार दिवसांनी मला बोलावून उघडून दाखवला. आतला काचेचा फ्यूज शाबूत होता. दाबाचा जबर तडाखा बसला असता तर बहुधा फ्यूज काळा पडून फुटला असता, पुढचे भागही जळाले असते. इथे तसे काही नव्हते. त्या लहान भागातला एक छोटा कपॅसिटर मात्र डोक्यावर फुगला होता. या कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो. तो उष्णतेने हळूहळू सुकत जातो. साधारण हिशेब असा की, तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. आमच्या कचेरीतला सप्लाय वर्षानुवर्षे, रात्रंदिवस, उन्हाळ्यातसुद्धा प्लगला लावलेला. तो कपॅसिटर चोवीस तास गरम राहून सुकत होता.

मग तो आधी का बंद पडला नाही? कारण नंदादीप एकदा पेटला की त्याला काडी लागत नाही. तो भाग एकदा सुरू झाला की स्वतःच्याच विजेवर स्वतःला चालू ठेवतो, आणि कपॅसिटर गरम असेपर्यंत निभावून नेतो. काड्यापेटी कधीच सादळली आहे, हे नंदादीप विझेपर्यंत कोणाला कळणार? तीन दिवस वीज गेली, डबा थंड पडला, आणि पुन्हा पेटायची वेळ आली तेव्हा काडी ओढली गेली नाही. त्याने तेवढा एक छोटा कपॅसिटर बदलला आणि जुना सप्लाय चालू करून दाखवला.

म्हणजे बटणाने संगणक मारला नाही. विजेच्या दाबानेही मारला नाही. वीज जाण्याने फक्त एक जुना आजार उघडा केला. फांदी आतून पोखरलेली होती. कावळा त्या दिवशी बसला, एवढेच.

आता श्रोतेहो, दाबाने काहीच जळत नाही असा अर्थ कृपा करून काढू नका. तसे केले तर मी तिसरा कावळा आणून बसवला असे होईल. आकाशातली वीज जवळ पडली, न्यूट्रल तुटली, तर सप्लाय जळतो, कधी मदरबोर्डही घेऊन जातो. मुद्दा इतकाच की, ते पाहून ठरवायचे, अंदाजाने नव्हे.

एक गोष्ट मात्र अगदी निक्षून सांगतो. सप्लायचा लोखंडी डबा स्वतः उघडू नका. आत मघाशी सांगितलेली 325 व्होल्टची वीज साठलेली असते, आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ तशीच राहू शकते. विहिरीवरची मोटार बंद केली म्हणजे हौदातले पाणी लगेच आटत नाही, तसेच हे. जाणत्या माणसाखेरीज कोणी तिथे हात घालू नये, मुलांनी तर नाहीच. फ्यूज गेला म्हणून त्या जागी जाड तार बांधण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मीटरच्या पेटीतही वाईट आणि इथेही वाईट. फ्यूज म्हणजे राखणदार. तो मेला तर का मेला ते शोधायचे, त्याच्या जागी बुजगावणे उभे करायचे नाही. आणि वादळ चालू असताना यातले काहीच करू नये.

थोडे पथ्य सांगतो. वीज गेली की संगणकाचा प्लग काढून ठेवावा. वीज आली की पाच-दहा मिनिटे थांबावे, दिव्यांचा उजेड पाहावा आणि मग लावावा. विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी, कारण तडाखा त्या वाटेनेही येतो. शाळेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला विसरू नये. कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतेच उरते. सुट्टी लागताना संगणक प्लगमधून काढून ठेवावा. आणि मुलांच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, कारण पुढच्या वेळी हार्ड डिस्क सुखरूप असेलच असे नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तो दोन रकान्यांचा कागद वर्गात वापरून पाहा. सायकल पंक्चर झाली, हातपंपाला पाणी येईना, रोप सुकले, काहीही घ्या. मुलांना आधी 'पाहिलेले' लिहू द्या, मग 'समजलेले'. पहिला रकाना भरत नाही तोवर दुसऱ्यात शब्द लिहायचा नाही, एवढाच नियम. मी इतकी वर्षे काकतालीय न्याय फळ्यावर लिहून शिकवला. तो कागद पुढे येईपर्यंत मलाही तो परीक्षेपुरताच येत होता.

राहता राहिले मामांचे पगाराचे. त्या संध्याकाळी संगणक सुरू झाल्यावर कचेरीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मुख्याध्यापक म्हणाले, "मामा, चहा सांगा. तीन." लगेच स्वतःच थांबले आणि म्हणाले, "नाही, चार सांगा. तुम्हीही बसा." पगार कापायचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आजही कचेरीतल्या संगणकाच्या वर, भिंतीला तो कागद डकवलेला आहे. 'पाहिलेले' या बाजूची शेवटची ओळ मामांनी सांगितलेली आहे, थंडीतल्या त्या सकाळची. 'समजलेले' या बाजूला माझी एकच ओळ होती. ती खोडलेली आहे.